मण्यातली नावं

शैला गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या फोनवर ती ठीक होती.

मी प्रेसमध्ये होतो. मुसळ्यांच्या धाकट्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होतो. फोन वाजला. 'शैलजा उदय कबाडे – ठीक' असं बायकोच्या नावाचं हिरव्या अक्षरात आलं होतं. ही रोजची वेळ नव्हती. रोज सकाळी आणि दिवेलागणीला यायचं, हे भर दुपारी आलं. मण्यानं एकदा जास्त सांगितलं, बरंच आहे, असं वाटलं. फोन पालथा ठेवला आणि नवऱ्यामुलाच्या मामांचं नाव काकांच्या खाली घेतलं, कारण काकांनी सकाळी येऊन तमाशा केला होता.

मग शेजारच्या हजारे वहिनींचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. इचलकरंजीत दुपारी रस्ते मोकळे असतात, मी लगेच पोचलो. शैला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती. कुकरखालचा गॅस तिनं बंद केला होता. म्हणजे तिला काहीतरी जाणवलं होतं, आणि तेवढ्यात तिनं गॅस बंद करून घेतला.

डॉक्टर आले. त्यांनी तपासलं आणि मान हलवली. मी त्यांच्यापुढे फोन धरला.

"अहो, पण हे बघा ना. ठीक म्हणतोय."

त्यांनी वाचलं. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो माझ्याच खिशात ठेवला.

मण्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मणी वाटाण्याएवढा असतो. पन्नाशी उलटली की गळ्याखाली, कातडीच्या आत बसवतात. तो दिवसरात्र छातीचे ठोके ऐकतो. हृदय बंद पडायच्या आधी ठोक्यांची लय एका विशिष्ट तऱ्हेने बिघडत जाते, ती आपल्याला कळत नाही, मण्याला कळते. अर्धा-पाऊण तास आधी कळते. तेवढ्यात माणूस दवाखान्यात पोचतो. आमच्या गल्लीत दोघे असे वाचले होते. त्यामुळे मण्यावर कुणाचा अविश्वास नव्हता.

मणी कुणाला विचारायला जात नाही. जे ओळखायचं ते तो स्वतःच ओळखतो. एका बॅटरीवर त्याला आठ वर्षं काढायची असतात, म्हणून त्याच्या आतला मेंदू अगदी लहान ठेवलाय. निरोप लिहायला त्याच्याकडे जेमतेम एका पोस्टकार्डाएवढी जागा. त्याला सिमकार्ड नसतं. जवळ कुणाचाही फोन असला, रस्त्यावरच्या खांबावरची पेटी असली, की तो निरोप तिच्या हवाली करतो आणि ती पुढे पाठवते. त्यामुळे कुणाकुणाला पोचवायचं ती नावं त्या निरोपातच असावी लागतात. पोस्टकार्डावर पत्ता असतो तसं.

कंपनीनं सांगितलं होतं, जवळच्या माणसांची नावं भरा. किती भरायची ते सांगितलं नव्हतं.

आता आमच्याकडे जवळची माणसं म्हणजे कोण? सख्खे, चुलत, मावस, व्याही, साडू. रोज दोन वेळा ज्याच्या फोनवर ठीक येतं तो जवळचा, ज्याच्या येत नाही तो परका, असा हिशेब वर्षभरात होऊन बसला. 'आम्हाला मण्यात घेतलं नाही' म्हणून लोक लग्नाला यायचे बंद झाले. घेतलं तरी नुसतं नाव चालेना. तीर्थरूप दादासाहेब, श्रीमती ताईसाहेब, नात्यासकट, मानासकट. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, यावरून भावाभावांत बोलणं बंद. लोक प्रेसमध्ये यायला लागले. पत्रिकेतली नावं मी लावतो, तर मण्यातली पण लावून द्या म्हणाले. मी लावून देत होतो. माझ्या धंद्यातलंच काम होतं ते.

आणि एक झालं. कुणी कुणाला 'कशी आहेस' असं विचारायचं बंद झालं. ठीक आलेलंच असायचं.

माझी थोरली बहीण गडहिंग्लजला असते. विजया. आम्ही अक्का म्हणतो. अक्काचं आणि शैलाचं पहिल्यापासून वाकडं. लग्नात शालूच्या रंगावरून सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. शैलानं मण्यात नावं भरली तेव्हा अक्काचं भरलं नाही. मीही जोर केला नाही. अक्काला कळायचं ते कळलं.

आमची लेक सानिका, तिच्या मुलीचं बारसं इथेच केलं. अक्का आली, पण पाहुण्यासारखी. पाळण्याजवळ गेली नाही. पंगतीत बसली आणि पानाला हात लावेना.

शैला वाढत होती. म्हणाली, "अक्का, जिलबी घ्या की. गार होईल."

"होऊ दे. परक्याच्या घरी पोटभर जेवू नये."

"परकं कुठलं, भावाचं घर आहे."

"भावाचं आहे. म्हणून तर आले. आता कोण जिवंत हाय, कोण मेलं, ते आम्हाला गावाकडनंच कळायचं. आमच्या फोनवर कुठं येतंय?"

शैलाचा चेहरा मी बघत होतो. मला वाटलं, आता भांडण होणार आणि बारशाचा विचका होणार. शैलानं जिलबीचं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "अहो, तुमचा फोन घ्या. अक्कांना घ्या माझ्या मण्यात. आत्ता, इथंच."

"आता जेवणं होऊ देत," मी म्हटलं.

"नको. जेवणं व्हायलाच पाहिजेत, म्हणून म्हणते."

मी नाव लिहिलं. ज्याचा मणी त्याचा अंगठा लागतो. शैलानं जिलबीच्या पाकाचा अंगठा लावला, तो घेईना, मग धुऊन लावला. लोक हसले. अक्काच्या फोनवर ठीक आलं. अक्कानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "माझं नाव शेवटाला घातलंस का?"

"शेवटी आलं ते शेवटीच बसतं, अक्का," शैला म्हणाली. "आता जिलबी खावा."

अक्का जेवली. पाळणाही म्हणाली.

शैलाला अग्नी द्यायच्या आधी मणी काढून घेतला. बॅटरी फुटते म्हणून काढावाच लागतो. दवाखान्यातून आलेल्या नर्सनं तो छोट्या डबीत घालून माझ्याकडे दिला. दिवस झाल्यावर कंपनीचा माणूस आला. टिपणीस नावाचा, पस्तिशीचा असेल. चांगला माणूस होता, तेही मला आवडलं नाही. सानिका पुण्याहून येऊन राहिली होती. त्यानं आमच्यासमोर मणी बशीएवढ्या एका यंत्रावर ठेवला आणि लॅपटॉपवर बराच वेळ वाचत बसला.

"काका, मण्यानं ओळखलं होतं," तो म्हणाला. "बरोबर ओळखलं होतं. अर्ध्या तासाहून जास्त आधी."

"आणि सांगितलं ठीक?"

"नाही. सांगायला गेला तो धोका. पोचलं ठीक."

सानिका म्हणाली, "नीट सांगा."

त्यानं टेबलावरची एक कोरी पत्रिका ओढली. "निरोप कप्प्याकप्प्यांचा असतो. पहिला कप्पा 'कोण'. दुसरा 'कुणाला'. तिसरा 'काय'. प्रत्येक कप्प्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं, पलीकडचा फोन ते नाव बघून आतलं वाचतो. मण्यात याच क्रमानं लिहिलं जातं. तिसऱ्या कप्प्यात ठीक असेल तर नुसता एक आकडा जातो, शून्य. धोका असेल तर मजकूर मोठा. लय कसली, माणूस कुठं आहे, जवळचा दवाखाना कुठला. फोनमध्ये जागा कमी पडली तर तो आणखी घेतो. मण्याला तसं करता येत नाही. त्याची जागा आधीच आखलेली. आणि मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं. काकूंच्या मण्यात नावांनीच पत्रिका भरत आली होती." त्यानं बोटानं खालचा कोपरा दाखवला. "एवढीच उरली. यात शून्य मावतं. धोका मावला नाही."

"नाही मावला तर पाठवला कशाला?" मी विचारलं.

"लिहिणारा भाग 'जागा संपली' अशी खूण करून ठेवतो. पाठवणाऱ्या भागानं ती खूण बघायची असते."

"बघितली नाही?"

"प्रोग्राममध्ये ती बघायची ओळ लिहायची राहिली होती."

"कुणाची?"

त्यानं पत्रिका परत जागेवर ठेवली. मग म्हणाला, "आमची."

"आणि फोनला ठीक कुठून मिळालं?"

"तिसरा कप्पाच आला नाही. नसेल तर शून्य धरायचं, असं फोनमध्ये आहे. शून्य म्हणजे ठीक."

सानिका उठून उभी राहिली. "म्हणजे ठीक म्हणायला जागा होती. ठीक नाही म्हणायला नव्हती."

"हो."

"तुम्ही कधी तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं, ताई. तीन-चार नावं घालून. आमच्या ऑफिसात कुणाच्या घरी त्याहून जास्त माणसंच नाहीत."

मी त्याला म्हटलं, "पण संक्रांतीला तिला धाप लागली होती, तेव्हा मण्यानं बरोबर सांगितलं होतं. लाल अक्षरं आली होती. मी इंजेक्शन देऊन आणलं होतं तिला."

टिपणीसनं लॅपटॉपकडे बघितलं. "तेव्हा मावत होतं. अगदी काठोकाठ. त्यानंतर एक नाव वाढलंय."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. बारसं संक्रांतीनंतर झालं होतं.

पत्रिका लावताना आम्ही तारीख, वेळ आणि ठिकाण आधी बसवतो. नावं मागून. मावली नाहीत तर अक्षर बारीक करायचं, पण मुहूर्ताला धक्का लावायचा नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं. "या गावात कितीतरी मण्यांतली नावं मी भरून दिलीत."

"अंगात बसवलेल्या मण्यातला प्रोग्राम बदलता येत नाही. कुणी बाहेरून हात घालू नये म्हणून कुलूपबंद केलाय. नवे मणी यायला वेळ आहे. तोवर नावं कमी करायची. तेवढं एकच हातात आहे."

"तसं लोकांना कळवा."

"कळवलंय."

कळवलं होतं. सगळ्यांच्या फोनवर आलं होतं, 'उत्तम सेवेसाठी आपली यादी आटोपशीर ठेवा.' मी त्याला म्हटलं, कारण लिहा. तो म्हणाला, मी लिहून दिलं होतं, वकिलांनी काढून टाकलं. निघताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

तो गेल्यावर सानिका म्हणाली, "आत्याचं नाव नसतं तर आई आज असती."

"असं बोलू नकोस."

"का बोलू नको? रुसून बसली जेवणावर. स्वतःचा मान करून घ्यायला."

"नाव भरलं मी. अंगठा लावला तुझ्या आईनं. ओळ लिहिली नाही त्या टिपणीसानं. आणि तुझ्या सासऱ्यांचं नाव दोन ओळींचं आहे, पदवीसकट. ते कुणी घालायला लावलं होतं?"

ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घेतलं नाही.

मी माझ्या मण्यातली नावं काढली. सानिका आणि हजारे वहिनी, दोघीच ठेवल्या. मग घरोघर जायला सुरुवात केली. पहिला मुसळ्यांकडे गेलो. लग्नघर होतं, मांडव पडलेला. थोरले मुसळे खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. त्यांनी ऐकून घेतलं. शैलासाठी हळहळले.

"मग कुणाला काढू म्हणता?" त्यांनी विचारलं.

"पोरांना ठेवा. बाकीचे काढा."

"व्याह्यांना काढू? पोरगी उद्या बॅगा घेऊन दारात येईल, पप्पा तुम्ही आमचा अपमान केला म्हणून."

त्यांची बायको आतून म्हणाली, "आणि माझ्या भावांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते. काढायचं तर आधी तुमची चुलत भावंडं काढा. त्यांनी काय दिवे लावलेत?"

"माझी भावंडं आधीपासून आहेत यादीत."

"म्हणून काय झालं?"

"वहिनी," मी म्हटलं, "जीव जाईल यांचा."

"अहो, लग्न होऊ दे तरी," मुसळे म्हणाले. "आत्ता कुणाला दुखवू? लग्न झालं की बघू. चहा घ्या."

मी चहा घेतला. पुढच्या घरीही घेतला. प्रत्येक ठिकाणी माझं ऐकून घेतलं, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी व्हायचं होतं. डोहाळजेवण, वास्तुशांत, सोसायटीची निवडणूक. एका घरी माझ्यासमोर एक नाव काढलं आणि मी जिना उतरेपर्यंत ते परत घातलं. वरून आवाज ऐकू येत होते.

मग गडहिंग्लजला गेलो. जाताना सानिकाचा फोन आला. "सांगणार आहात का तिला? तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन." मी म्हटलं, मी सांगतो. अक्काला सांगणं भाग होतं. अक्काच्या मण्यात शैलाच्या मण्यापेक्षा जास्त नावं. तीही मीच लावून दिली होती, दिवाळीत, तिच्या ओसरीवर बसून. ती सत्तरीला आलीय आणि एकटी राहते.

अक्का दारातच म्हणाली, "आलास व्हय रं बाळू. किती वाळलास." मग लगेच, "मला काढलंस न्हवं मण्यातनं?"

"सगळ्यांनाच काढलं, अक्का."

"तुझं ठीक यायचं बंद झालं. मी म्हटलं, शैला गेली, आता माझा काय संबंध."

"तसं नाही गं."

तिनं भाकरी टाकली, वांगं केलं होतं. मी जेवत असताना समोर बसली आणि फोन काढून दाखवला. 'शैलजा उदय कबाडे – ठीक.' त्या दुपारचं.

"हे मी पुसलं न्हाई," अक्का म्हणाली. "दोडका चिरत बसले होते. हे आलं. मी म्हटलं, बया ठीक हाय. आणि परत चिरायला लागले."

मी घास गिळला.

"जन्मभर आम्ही दोघी वाकड्यात. मी पण काय कमी न्हवते. पण शेवटाला तिनं मला आपलं म्हटलं, बाळू. समद्या पंगतीसमोर. स्वतःच्या तोंडानं म्हणाली, घ्या अक्कांना. ते झालं नसतं तर मी कुठल्या तोंडानं आले असते मातीला? तेवढं एकच बरं झालं बघ. त्याच्यावरच मी दिवस काढते."

मी पाणी प्यालो. म्हटलं, "अक्का, तुझ्या मण्यातली नावं कमी करूया."

"का?"

"कंपनी म्हणते. जास्त नावांनी मणी जड होतो."

"वाटाण्याएवढा मणी, तो नावांनी जड हुतोय?" ती हसली. "कुणाला काढू? माझ्या जावंला? ती तर टपूनच बसलीय, मी कधी चुकते म्हणून. पुतण्यांनी काय घोडं मारलंय? तूच तर मानानं लावून दिलीस समदी."

"दोनच ठेव. मी आणि तुझी शेजारीण."

"आणि बाकीच्यांना तुझ्यासारखं परकं करू?" मग ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. अक्का शिकलेली नाही, पण खुळी नाही. "बाळू, शैलाचा मणी कशानं बिघडला रं? लोक म्हणतात, बिघडला. पण कशानं?"

भाकरी हातात होती. सांगायची वेळ तीच होती.

"कंपनीची चूक," मी म्हटलं. "त्यांची एक ओळ लिहायची राहिली."

हे खरं होतं. अक्कानं मान हलवली. "मेल्यांचं तळपट होऊ दे," म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी वांगं घातलं.

सानिकाला मी खोटंच म्हटलं, की अक्काला सगळं सांगितलं. आता ती आत्याशी बोलत नाही. अक्का मला विचारते, पोरगी का रुसलीय. तिला वाटतं, मी मण्यातनं काढलं, तसं सानिकानं तिला मनातनं काढलं.

रोज दिवेलागणीला अक्काच्या मण्याचं ठीक येतं. हिरव्या अक्षरात. त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून ते आलं की मी तिला फोन लावतो.

"कशी आहेस?"

"आता मणी सांगतोय की. तू आणि कशाला विचारतोस?"

"असंच."

"बरी हाय. जेवलास का?"

मुसळ्यांचं लग्न झालं. त्यांनी नावं काढलेली नाहीत. त्यात सुनेच्या माहेरची वाढली आहेत.

अक्काला मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या मण्यात सगळी नावं तशीच आहेत.